डेस्कटॉपवर न बोलावता येणारे ब्राउझरचे आयकॉन: ते कोण ठेवतं आणि कसं थांबवायचं

कराडची माझी मावशी महिला बचत गटाचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवते. सकाळी नऊच्या सुमारास कॉम्प्युटर लावायचा, आदल्या दिवशी आलेले हप्ते मांडायचे, बँकेचं पान उघडून जमा रक्कम ताडून बघायची, असा तिचा नेम. मागच्या पावसाळ्यात एके दिवशी सकाळीच तिचा फोन आला. "अरे, ते निळं-हिरवं लाटेचं चिन्ह परत आलंय बघ. गेल्या आठवड्यात मी पुसलं होतं. आज दोन दिसतायत. बँकेचं पान उघडू का नको आता?"

गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने घालावं लागेल. सहा वर्षांचे हिशेब त्याच मशीनमध्ये. त्यामुळे चार दिवस तिने कॉम्प्युटरला हातच लावला नव्हता, हप्ते वहीत पेन्सिलने लिहून ठेवत होती. मला त्याचं जास्त वाईट वाटलं. त्या आयकॉनने तिचं काहीच बिघडवलं नव्हतं. कामाचा खोळंबा झाला तो भीतीने.

अशी भीती बऱ्याच घरांत असते, विशेषतः जिथे कॉम्प्युटर वापरणारं माणूस एकटं आहे आणि विचारायला जवळ कोणी नाही. म्हणून हे सगळं नीट उलगडून सांगावंसं वाटलं. खाली जे सांगतोय ते विंडोज 10 आणि 11 ला लागू आहे. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये जशी दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत.

आयकॉन म्हणजे ब्राउझर नव्हे

ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पानं उघडणारा प्रोग्रॅम, जसा गुगलचा क्रोम किंवा मायक्रोसॉफ्टचा एज. मावशीला दिसलेलं निळं-हिरवं लाटेचं चिन्ह एजचंच. पण डेस्कटॉपवर दिसणारं क्रोमचं किंवा एजचं चिन्ह म्हणजे तो ब्राउझर नसतो. ब्राउझर बहुधा सी ड्राइव्हमध्ये 'प्रोग्रॅम फाइल्स' नावाच्या एखाद्या फोल्डरात असतो. डेस्कटॉपवर असते ती त्याच्या पत्त्याची एक चिठ्ठी, तिला शॉर्टकट म्हणतात. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण दिसतो ना, तीच चिठ्ठीची खूण. तुम्ही त्यावर डबल क्लिक करता तेव्हा विंडोज चिठ्ठी वाचतं आणि त्या पत्त्यावरचा प्रोग्रॅम उघडतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हा आयकॉन डिलीट केला तर काहीही जात नाही. ब्राउझर राहतो, पासवर्ड राहतात, बुकमार्क राहतात. बिनधास्त पुसा. दुसरी, पुसलेला आयकॉन परत येतोय याचा अर्थ कोणीतरी नवी चिठ्ठी आणून ठेवतंय. चिठ्ठ्या फाडत बसून उपयोग नाही, ठेवणारा शोधायला हवा. छताला गळती असताना फरशी पुसत राहिलं तर पाणी थांबत नाही, तसंच हे.

ठेवणारे बहुतेक वेळा ओळखीचेच असतात. ब्राउझरचा स्वतःचा अपडेट करणारा भाग असतो, वनड्राइव्हसारखी फाइली जुळवून ठेवणारी सोय असते, आपणच कधीतरी दाबलेलं एखादं बटण असतं, किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमसोबत गुपचूप शिरलेलं काहीतरी असतं. यातलं शेवटचं तेवढं काळजी करण्यासारखं.

आधी फक्त बघा

मावशीला मी फोनवर एवढंच सांगितलं, "आज काहीच पुसू नकोस. कॉम्प्युटर बंद करून परत लाव आणि आयकॉन नेमका कधी येतो ते बघ." तिने बघितलं. आधी डेस्कटॉप आला, त्यावर तिची एक्सेलची फाइल आणि बाकीचे आयकॉन होते. साधारण अर्ध्या मिनिटाने एजचा आणखी एक आयकॉन आपोआप उमटला. त्याच्या नावापुढे 'कॉपी' असं लिहिलेलं होतं. आणि कोपऱ्यात बाणाऐवजी हिरव्या गोलात बरोबरची खूण होती.

त्या हिरव्या खुणेतच उत्तर होतं. ती खूण वनड्राइव्हची.

वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवणूक, खात्याबरोबर 5 जीबी जागा फुकट मिळते. नवा कॉम्प्युटर सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं घातलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन फोल्डरांचा बॅकअप पुष्कळदा तिथल्या तिथेच सुरू होतो, आणि बऱ्याच जणांच्या ते लक्षातही येत नाही. मग तुमचा डेस्कटॉप हा नुसता तुमच्या मशीनवरचा फोल्डर राहत नाही. त्याची जोडी इंटरनेटवर असते आणि त्याच खात्याने चालणाऱ्या दुसऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरवरही तोच डेस्कटॉप दिसायला लागतो.

आता झालं होतं असं. मावशीचं खातं काढून दिलं होतं माझ्या मावसभावाने. पुण्यात नवा लॅपटॉप घेतल्यावर घाईत त्याने तेच खातं तिथेही घातलं. म्हणजे कराडचा आणि पुण्याचा डेस्कटॉप एक झाले. पुण्याच्या लॅपटॉपवर एजने आपला आयकॉन ठेवला. त्याच नावाची चिठ्ठी आधीपासून होती, त्यामुळे दोन्ही ठेवण्यासाठी एकीच्या नावापुढे 'कॉपी' जोडलं गेलं. काही वेळा 'कॉपी'च्या ऐवजी दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव जोडलेलं दिसतं. मावशी कराडला आयकॉन पुसायची, पुण्याला एजचं अपडेट आलं की तो परत उमटायचा, आणि सकाळी मावशीने कॉम्प्युटर लावला, वनड्राइव्ह जागं झालं, की अर्ध्या मिनिटात कराडला हजर. तो अर्ध्या मिनिटाचा उशीर म्हणजे वनड्राइव्ह सुरू होऊन जुळवाजुळव करायला लागणारा वेळ.

तुमच्याकडेही 'कॉपी' लिहिलेले आयकॉन वाढत असतील तर आधी हेच तपासा. खाली उजवीकडे घड्याळाजवळ ढगाचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करा, गिअरच्या चिन्हातून 'सेटिंग्ज'मध्ये जा, तिथे 'सिंक अँड बॅकअप' आणि त्यात 'मॅनेज बॅकअप'. डेस्कटॉपपुढचं बटण बंद केलं की ही देवाणघेवाण थांबते.

पण ते बटण दाबण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर मोठा धक्का बसेल. बॅकअप बंद केल्यावर कधी कधी डेस्कटॉप एकदम रिकामा दिसतो. सगळ्या फाइली गेल्या असं वाटतं. त्या जात नाहीत. वनड्राइव्हच्या फोल्डरात जो 'डेस्कटॉप' नावाचा फोल्डर आहे त्यात त्या असतात, आणि रिकाम्या डेस्कटॉपवर 'व्हेअर आर माय फाइल्स' नावाची एक चिठ्ठी ठेवलेली असते, ती तिथेच नेते. तिथून हव्या त्या फाइली उचलून परत डेस्कटॉपवर आणायच्या. मी मावशीला आधी ही गोष्ट दोनदा सांगितली, तिची एक्सेलची फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला लावली आणि मगच बटण बंद केलं. मावसभावाने पुण्याच्या लॅपटॉपवर स्वतःचं वेगळं खातं घातलं, तो खरा उपाय. एका खात्यावर दोन माणसांचे दोन कॉम्प्युटर ठेवूच नयेत. आज आयकॉन आले, उद्या एकाने पुसलेली फाइल दुसऱ्याकडूनही जाईल. गेलीच तर वनड्राइव्हच्या संकेतस्थळावरच्या रिसायकल बिनमध्ये ती साधारण 30 दिवस असते, तोवर परत आणता येते.

डेस्कटॉप एक दिसतो, पण असतात दोन

हे फार जणांना माहीत नसतं. समोर दिसणारा डेस्कटॉप दोन फोल्डर एकावर एक ठेवून बनलेला असतो. एक तुमच्या नावाचा. दुसरा सगळ्यांसाठीचा, सी ड्राइव्हमध्ये 'यूझर्स', त्यात 'पब्लिक', त्यात 'डेस्कटॉप'. हा फोल्डर एरवी लपवलेला असतो. त्यात ठेवलेला आयकॉन त्या कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक खात्यात दिसतो, आणि तो पुसायला गेलं की ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली जाते. 'मी माझ्याच डेस्कटॉपवरून पुसतोय तर परवानगी कशाला?' असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांचं उत्तर हे. तो आयकॉन तुमच्या फोल्डरात नाहीच.

कुठला आयकॉन कुठल्या फोल्डरातला हे कळायला अगदी सोपं. आयकॉनवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', वरच्या पट्ट्यांपैकी 'जनरल'. तिथे 'लोकेशन' लिहिलेलं असतं. त्यात 'पब्लिक' असेल तर समजा, तो एखाद्या इन्स्टॉलरने किंवा अपडेटने सगळ्यांसाठी म्हणून ठेवलाय. त्यात 'वनड्राइव्ह' असेल तर वरची मावशीची गोष्ट तुमचीच.

एजचा आयकॉन या सार्वजनिक फोल्डरात पुष्कळदा सापडतो. एज सतत अपडेट होत असतो, आणि मोठ्या अपडेटनंतर आयकॉन परत आलेला दिसतो. शिवाय युरोपातल्या कायद्यामुळे तिथल्या देशांत 2024 पासून एज काढून टाकता येतो, आपल्याकडे तशी सोय दिलेली नाही. ऑफिसांत कॉम्प्युटर सांभाळणारे लोक विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत, तशी नोंद करून एजला आयकॉन ठेवण्यापासून अडवतात. घरी मात्र मी कोणालाही रजिस्ट्रीत हात घालायला सांगत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एक आयकॉन येत असेल तर पुसून टाका आणि आपल्या कामाला लागा. आयकॉन नको म्हणून अपडेटच बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. ब्राउझरच्या अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. तुमचं बँकेचं पान त्याच ब्राउझरात उघडतं.

एवढ्याशा चिन्हासाठी एवढा हट्ट का

कारण डेस्कटॉपवरची जागा फार मोलाची आहे. समोर जे दिसतं तेच लोक वापरतात, हे कंपन्यांना पंचवीस-तीस वर्षांपासून ठाऊक आहे. मे 1998 मध्ये अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात वादाचा एक मुद्दा हाच होता की कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांना डेस्कटॉपवरून इंटरनेट एक्स्प्लोररचा आयकॉन काढायची मुभा नव्हती. ती मुभा मायक्रोसॉफ्टने दिली जुलै 2001 मध्ये. पुढे युरोपात ठरलं की विंडोज वापरणाऱ्याला ब्राउझर निवडायची संधी द्यायची. 2010 मध्ये ती निवड करायचं पान तिथल्या लोकांच्या कॉम्प्युटरवर आलं, आणि त्याचाही एक आयकॉन डेस्कटॉपवर येऊन बसला. नंतर विंडोज 7 च्या एका अपडेटमध्ये ते पानच दाखवायचं राहून गेलं, तेव्हा युरोपीय आयोगाने मार्च 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टला 56.1 कोटी युरोंचा दंड केला.

म्हणजे मावशीच्या पडद्यावरच्या बोटभर जागेसाठी कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. हे तिला सांगितलं तेव्हा तिची भीती बरीच ओसरली. आयकॉन येण्यामागे चोरच असतो असं नाही, पुष्कळदा दुकानदार असतो, हे तिला पटलं.

आपल्याच हातून आलेले

क्रोममध्ये एकापेक्षा जास्त प्रोफाइल असतील, म्हणजे घरातल्या दोघांनी आपापली गुगल खाती वेगवेगळी लावली असतील, तर प्रत्येक प्रोफाइलचा वेगळा आयकॉन डेस्कटॉपवर येऊ शकतो. त्याच्या कोपऱ्यात त्या माणसाचं छोटं चित्र असतं आणि नावात प्रोफाइलचं नाव असतं. एजचंही तसंच. क्रोमच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवायचा की नाही याचं बटण असतं, ते बंद करा.

दुसरा प्रकार संकेतस्थळांचा. क्रोम आणि एजमध्ये काही संकेतस्थळं उघडली की पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला छोट्या पडद्याचं, खाली बाण असलेलं चिन्ह दिसतं. ते चुकून दाबलं आणि पुढे 'इन्स्टॉल' म्हटलं की ते संकेतस्थळच एखाद्या प्रोग्रॅमसारखं बसतं, त्याचा आयकॉन डेस्कटॉपवर येतो. त्याला 'साइन इन करताना सुरू कर' असंही सांगता येतं, आणि तसं झालं तर कॉम्प्युटर लावल्याबरोबर त्याची खिडकी उघडते. काढायला 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'इन्स्टॉल्ड ॲप्स' इथे त्याचं नाव शोधून 'अनइन्स्टॉल' करा. विंडोज 10 वर याच यादीचं नाव 'ॲप्स अँड फीचर्स' आहे.

ब्राउझर आपोआप उघडत असेल तर

आयकॉन येणं आणि खिडकी उघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, पण लोक दोन्हीला एकच म्हणतात. कॉम्प्युटर लावल्यावर कालच्याच टॅबसकट ब्राउझर उघडत असेल तर ते बहुधा विंडोजचंच काम. 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', 'साइन-इन ऑप्शन्स' इथे खाली एक बटण आहे, बंद करताना जे ॲप उघडे होते ते परत उघडायचे का, असं विचारणारं. ते बंद करा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'स्टार्टअप'चा भाग असतो. कॉम्प्युटरबरोबर काय काय सुरू होतं याची ही हजेरी. नको असलेल्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करता येतं. याने प्रोग्रॅम काढला जात नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचा थांबतो, आणि परत चालूही करता येतो, त्यामुळे भिण्याचं कारण नाही. प्रत्येक नावाशेजारी 'पब्लिशर' म्हणजे बनवणाऱ्याचं नाव असतं. तो रकाना रिकामा असेल आणि नावही ओळखीचं नसेल, तर तिथे थांबून बघा. राइट क्लिकमध्ये 'ओपन फाइल लोकेशन' आहे, तो प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरातून येतो ते त्यातून कळतं.

शिवाय विंडोजचा एक जुना स्टार्टअप फोल्डरही आहे. विंडोजची कळ धरून 'आर' दाबा. जी छोटी खिडकी येईल तिच्यात इंग्रजीत 'शेल', लगेच कोलनचं, म्हणजे एकावर एक दोन टिंबांचं चिन्ह आणि लगेच 'स्टार्टअप' असं मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर मारा. त्या फोल्डरात ठेवलेली कुठलीही चिठ्ठी साइन इन केल्यावर उघडली जाते. त्यात ब्राउझरचा शॉर्टकट असेल तर उचलून टाका.

हे बदल केल्यावर तपासायला 'शट डाउन' नाही, 'रिस्टार्ट' करा. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे, तिच्यामुळे शट डाउन केल्यावर विंडोज पुरतं बंद होत नाही, गाभ्याचा भाग डिस्कवर जपून ठेवतं. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

खरोखर काळजी कधी करायची

जो ब्राउझर तुम्ही कधी ऐकलाही नाही त्याचा आयकॉन आला, शोधायला गेल्यावर भलतंच शोधयंत्र उघडू लागलं, कॉम्प्युटर लावताच जुगाराची किंवा बक्षिसाची पानं समोर यायला लागली, तर ते दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमसोबत आलेलं आहे.

आपल्याकडे याची एक खास वाट आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. कोणाला शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमधला जुना मजकूर युनिकोडमध्ये करायचा असतो, कोणाला मराठी टायपिंगचा फुकट प्रोग्रॅम हवा असतो, कोणाला पीडीएफची वर्ड फाइल. शोधल्यावर जे पान येतं त्यावर हिरव्या रंगाची तीन-चार 'डाउनलोड' बटणं असतात. त्यातलं खरं एकच, बाकीच्या जाहिराती. चुकीचं दाबलं की जो इन्स्टॉलर उतरतो तो विचारतो, 'एक्सप्रेस' की 'कस्टम'? 'एक्सप्रेस'पुढे 'शिफारस केलेलं' असं लिहिलेलं असतं म्हणून आपण तेच निवडतो, आणि आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटींमधून एखादा ब्राउझर, एखादा टूलबार, एखादं शोधयंत्र आत येतं. नेहमी 'कस्टम' घ्या आणि प्रत्येक चौकट वाचून नको ती टिक काढा.

मराठी टायपिंगसाठी तर बाहेरून काही उतरवायची गरजच उरलेली नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून आहे, आणि 2019 च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज 10 मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्डही आला, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की देवनागरी उमटतं. 'सेटिंग्ज'मध्ये 'लँग्वेज'खाली मराठी भाषा जोडून तिच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'मराठी फोनेटिक' हा कीबोर्ड जोडला की तो मिळतो. हे अजून कितीतरी शिक्षकांना, ग्रामपंचायतीत काम करणाऱ्यांना, छापखानेवाल्यांना माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिरलेलं काढायचं कसं? 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी तारखेप्रमाणे लावा. आयकॉन पहिल्यांदा ज्या दिवशी दिसला त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी काय काय बसलं ते सगळं एकत्र दिसेल. एकाच दिवशी तीन-चार अनोळखी नावं असतील तर ती एकमेकांच्या सोबतीने आली आहेत, सगळी काढा.

मग जुना, ओळखीचा आयकॉनही तपासा. कारण काही प्रोग्रॅम नवा आयकॉन ठेवतच नाहीत, तुमच्या क्रोमच्या चिठ्ठीतच फेरफार करतात. क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'शॉर्टकट', आणि तिथे 'टार्गेट' नावाची अरुंद चौकट. ती चौकट इतकी लहान की पत्त्याचं सुरुवातीचं टोकच दिसतं, आणि नेमकी गडबड असते शेवटी. म्हणून चौकटीत क्लिक करा आणि कीबोर्डवरची 'एंड' ही कळ दाबा. आता शेपूट दिसेल. ते क्रोमच्या फाइलच्या नावावर, म्हणजे टिंब आणि 'ईएक्सई' या अक्षरांवर आणि अवतरणचिन्हावर संपलं असेल तर ठीक. पुढे 'प्रोफाइल-डिरेक्टरी' असं काही असेल तरी ठीक, ते क्रोमचंच. पण अवतरणचिन्हानंतर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असेल, तर क्रोम उघडताना प्रत्येक वेळी ते पान का येत होतं ते तुम्हाला सापडलं. तेवढी शेपटी खोडून 'ओके' करा. किंवा तो शॉर्टकट टाकून देऊन नवा बनवा.

एवढ्यावरही दर वेळी पान उघडतच असेल, तर 'टास्क शेड्यूलर' बघावा लागतो. स्टार्टच्या शोधात ते नाव लिहिलं की तो उघडतो. डावीकडे 'टास्क शेड्यूलर लायब्ररी'. प्रत्येक ओळ म्हणजे ठरलेल्या वेळी करायचं एक काम. 'ॲक्शन्स'मध्ये संकेतस्थळाचा पत्ता दिसला आणि 'ट्रिगर्स'मध्ये 'ॲट लॉग ऑन' असेल, तर सगळा उपद्रव तिथूनच. आधी 'डिसेबल' करा, दोन दिवस बघा, मग डिलीट. तिथे गुगल आणि एजच्या अपडेटची कामंही दिसतील, त्यांना हात लावू नका. ज्यांना याच्याही खोलात जायचंय त्यांच्यासाठी 'ऑटोरन्स' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो सिसइंटर्नल्सचा, ती कंपनी 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि आजही तो त्यांच्याच संकेतस्थळावर मिळतो. आपोआप सुरू होणारी झाडून सगळी ठिकाणं तो एका यादीत दाखवतो. यादी लांबलचक असते, सवय नसेल तर कोणा जाणत्याला शेजारी बसवून बघा.

शेवटी विंडोजच्याच 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'. इथे नको असलेले प्रोग्रॅम अडवण्याचं बटण आहे, ते चालू आहे ना बघा आणि एकदा पूर्ण स्कॅन करा. क्रोमच्या 'रीसेट सेटिंग्ज'ने बदललेलं शोधयंत्र आणि सुरुवातीचं पान पूर्ववत होतं, एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या जादा सोयी बंद होतात, बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड तसेच राहतात.

आणि एका गोष्टीला मात्र अजिबात बळी पडू नका. पडदाभर लाल खिडकी, मोठा आवाज, 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, या नंबरवर फोन करा'. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीही नसतो. फोन करू नका, कोणालाही तुमचा पडदा दुरून चालवायला देऊ नका. ऑल्ट आणि एफ-4 दाबा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोर' विचारलं तर नको म्हणा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

मावशीचा कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागला नाही. दिवाळीच्या आधी तिचा परत फोन आला. नातीने सुट्टीत तिच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं गुगल खातं लावलं होतं आणि क्रोमचे दोन आयकॉन झाले होते. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "राइट क्लिक करून बघितलं मी. ती एंडची कळ पण दाबली. शेवटी प्रोफाइल असं काहीतरी लिहिलंय, वेबसाइट नाहीये. म्हणजे हे आपल्या पोरीचंच ना?"

"हो, तिचंच."

"मग राहू दे. ती परत येईल तेव्हा लागेल तिला."